फर्नेसमध्ये ‘क्रॅक’ आहे असं कोणी म्हणालं, तर आधी ड्रेनचा पाइप बघा

२०१९ च्या जानेवारीअखेर शिकागोत पारा उणे २३ फॅरेनहाइटवर गेला होता, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे ३१ सेल्सियस. नेमकी त्या रात्री आमची फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, बंद पडली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ५,८०० डॉलरची नवी फर्नेस आमच्या गळ्यात पडली होती. जुनीला काहीही झालेलं नव्हतं. उपनगरातल्या टाउनहाउसमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे सविस्तर लिहितोय, कारण अशा घरांची रचना साधारण सारखीच असते.

नव्या पद्धतीच्या, नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षमता असलेल्या फर्नेस धुरातली उष्णताही शोषून घेतात. मग त्या धुरातल्या वाफेचं पाणी होतं. कडाक्याच्या थंडीत दिवसभरात बादलीभर पाणी सहज निघतं आणि ते पांढऱ्या पीव्हीसी पाइपातून बाहेर जातं. हाच ड्रेनचा पाइप. फर्नेस बेसमेंटमध्ये असेल तर फारसा प्रश्न येत नाही. आमची मात्र गराजलगतच्या कपाटवजा खोलीत आहे, आणि पाइप गराजच्या थंड भिंतीला लागून बाहेर पडतो. तिथे पाणी गोठलं की मागे तुंबतं, आतला प्रेशर स्विच (धुराची वाट मोकळी आहे की नाही ते बघणारा) लागत नाही आणि फर्नेस सुरक्षिततेसाठी स्वतःच बंद होते. लक्षणं अगदी ठरलेली: छोटा पंखा घूं घूं करतो, आत गुळगुळ आवाज येतो, पण बर्नर पेटत नाहीत. दोन-चारदा असं झालं की सगळं गप्प, आणि दाराच्या काचेतून एक बारीक दिवा ठराविक वेळा लुकलुकताना दिसतो. त्या लुकलुकण्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर छापलेला असतो. आमच्या स्टिकरवर त्या खुणेपुढे ‘प्रेशर स्विच’ लिहिलं होतं.

दुरुस्तीला बोलावलेल्या कंपनीच्या माणसाने ते स्टिकर बघितलंसुद्धा नाही. बोलायला अतिशय गोड. कोल्हापूरहून आलेली आई दोन शाली पांघरून, कानटोपी घालून सोफ्यावर बसली होती. तिच्याकडे बघून म्हणाला, ‘घरात वयस्कर माणूस आहे, मी जोखीम घेणार नाही.’ मग आत टॉर्च मारला आणि टॅब्लेटवर एक फोटो दाखवला: गंजलेला पत्रा, त्यात आडवी भेग. म्हणाला, हीट एक्स्चेंजर (जळत्या गॅसची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) फुटलाय, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येणार. गॅस बंद केला आणि फर्नेसवर ‘धोका, वापरू नका’ असा लाल टॅग अडकवला. आमचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर वाजला नव्हता, असं बायकोने विचारलं. (आमच्या इलिनॉय राज्यात २००७ पासून झोपायच्या खोल्यांजवळ तो बसवणं कायद्यानेच सक्तीचं आहे.) त्यावर उत्तर, ‘हे स्वस्तातले अलार्म उशिरा वाजतात.’ आईच्या देखत हे ऐकल्यावर घासाघीस कोण करणार?

आता खरी मेख. करारावर सही घेताना त्याने मला एक ओळ माझ्या हस्ताक्षरात लिहायला लावली: ही तातडीची गरज आहे, करार रद्द करण्याचा हक्क मी सोडतो आहे. मला वाटलं, काहीतरी विम्याचं असेल. अमेरिकेत घरी येऊन केलेल्या विक्रीचा करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो, असा फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकांच्या हिताचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा) नियम आहे. तुम्ही दुरुस्तीला बोलावलेल्या माणसाने दुरुस्तीपलीकडे काही विकलं, तर तेही त्यात येतं. या नियमातून सुटायची एक वाट म्हणजे ग्राहकाने आणीबाणीत स्वतः बोलावलं आणि स्वतःच्या हाताने असं लिहून, सही करून दिलं तर. ती ओळ फर्नेससाठी नव्हतीच, ती माझे हात बांधण्यासाठी होती.

नवी फर्नेस बसवताना त्यांच्यातला पोऱ्या हीट गन घेऊन ड्रेनचा पाइप शेकत होता. विचारलं तर म्हणाला, जॉइंट पक्का करतोय. पीव्हीसीचा जॉइंट गोंदाने बसतो, त्याला शेकावं लागत नाही, हे पुढे कळलं. म्हणजे रोग कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. जुनी फर्नेस त्यांनी ‘फुकट’ उचलून नेली, आणि तिच्यासोबत आमचा एकमेव पुरावाही गेला.

पुढच्या काही दिवसांत थंडी ओसरली, नवी फर्नेस झकास चालली. फेब्रुवारीत पारा पुन्हा घसरला आणि तीच गुळगुळ, तोच लुकलुकणारा दिवा. या खेपेला शेजाऱ्यांच्या ओळखीचा एक म्हातारा मेकॅनिक आला. त्याने केस वाळवायचा ड्रायर मागितला, पाइपाच्या कोपऱ्यावरच्या वळणाला हात लावून बघितला, तिथे शेकलं आणि किटलीतलं कोमट पाणी ओतलं. बोटाएवढा बर्फाचा तुकडा घरंगळत बाहेर पडला आणि फर्नेस पेटली. पाइपाला हीट टेप (विजेवर गरम राहणारी पट्टी) आणि वरून फोम गुंडाळून त्याने १८० डॉलर घेतले. कराराला जोडलेला तो ‘भेगे’चा फोटो त्याला दाखवला, तर हसलाच. फोटोतला एक्स्चेंजर चपट्या पत्र्यांचा, जुन्या धाटणीचा. आमच्या जुन्या फर्नेसचं मॅन्युअल काढून बघितलं, त्यात वाकवलेल्या नळ्या.

तेव्हा कोणी ‘क्रॅक’ म्हणालं, तर तुमच्यासमोर कॅमेरा आत घालायला सांगा, आणि त्याच व्हिडिओत फर्नेसची सीरियल नंबरची पट्टी दिसली पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडची शंका असेल तर सगळ्यांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला फोन करा. त्यांच्याकडे मीटर असतो आणि त्यांना फर्नेस विकायची नसते. अनेक कंपन्या हीट एक्स्चेंजरवर २० वर्षांची किंवा आजीवन वॉरंटी देतात, म्हणून मॉडेल नंबर आधीच फोटो काढून ठेवा. जुनी फर्नेस घराबाहेर जाऊ देऊ नका, गराजमध्ये पडली तर पडू दे. एक रात्र इलेक्ट्रिक हीटरवर निघते. हीटर थेट भिंतीतल्या प्लगला लावा, एक्स्टेंशनला नको, आणि पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून नळ बारीक धार धरून चालू ठेवा. एवढ्या वेळात दुसऱ्या माणसाचं मत मिळतं. इलिनॉयमध्ये प्लंबरला राज्याचा परवाना लागतो, हीटिंगवाल्याला तसा राज्याचा लागत नाही, तेव्हा ‘लायसन्स्ड’ या शब्दावर भाळू नका. कोणत्या गावाचं लायसन्स, ते विचारा.

राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे, तक्रार केली. कंपनीने उत्तरासोबत माझ्या हस्ताक्षरातली ती ओळ जोडली, आणि ‘ग्राहकाच्या समाधानासाठी’ म्हणून ८०० डॉलर परत केले. त्या दोन पानी पत्रात क्रॅक हा शब्द कुठेही नाही.