मेंढरांच्या खुरांनी काढलेले चित्र

एडिंबरा येथील रॉयल स्कॉटिश अकादमीच्या इमारतीत २०२५ च्या जुलैअखेरीपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत निसर्गातल्याच वस्तूंपासून कलाकृती घडवणारे ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी यांच्या पन्नास वर्षांच्या कामाचे प्रदर्शन भरले होते. जिन्यावर गालिचा अंथरावा तसा मेंढ्यांच्या लोकरीचा लांबलचक पट्टा होता, आणि आपापली जनावरे ओळखू यावीत म्हणून मेंढपाळ त्यांच्या अंगावर रंगाचे जे फराटे ओढतात, ते त्या लोकरीवर तसेच शिल्लक होते. जिना चढून वर जावे, तर खांबांमध्ये ताणलेली गंजकी काटेरी तार वाट अडवून उभी. गोल्ड्सवर्दी यांचे नाव घेतले की रंगीत पानांच्या नाजूक रचना डोळ्यांसमोर येतात. पण तेराव्या वर्षापासून शेतांवर राबलेल्या या कलावंताच्या निसर्गात कुंपण, मालकी आणि शेणही येते, हे त्या तारेपाशीच कळून चुकले.

ओकच्या फांद्यांचे दालन सर्वांत देखणे होते. एका बाजूने पाहिले तर नुसते झाडोऱ्याचे जाळे दिसे. समोर येऊन उभे राहिले की त्याच्या मधोमध एक माणूस जाईल एवढी सरळ वाट उघडी होई, आणि पायांखालच्या फळ्याही ओकच्याच असल्यामुळे आपण एकाच झाडाच्या दोन अवस्थांमधून चालत आहोत असे वाटे.

रेखाटनांसाठी मात्र मी पुन्हा मागे फिरलो. माती कालवलेला बर्फाचा गोळा कागदावर ठेवून वितळू द्यायचा, म्हणजे पाणी जिथवर ओघळेल तिथवर रेषा जाते आणि कागदाला सुरकुत्या पडतात, ही त्यांची जुनी पद्धत. त्याहून मिस्कील काम मेंढ्यांचे आहे. कुरणात कॅनव्हास पसरून मध्ये खनिजांची चाटण वीट ठेवली; मेंढ्या चाटायला गोळा झाल्या, त्यांच्या खुरांची राड आणि लेंड्या सगळीकडे उमटल्या, आणि वीट उचलल्यावर मधोमध कोरी, पांढरी जागा उरली. दुरून ते ग्रहणासारखे दिसते. जवळ गेल्यावर एकेक खूर मोजता येतो.

छायाचित्रांनी माझी थोडी निराशा केली. विरून गेलेल्या कामांचा तेवढाच पुरावा हाती राहतो हे मान्य. परंतु शेजारच्या भिंतीवर वाळून भेगाळलेली खरी लाल माती असताना चौकटीतल्या मातीकडे लक्ष जाणार कसे?

कबरी खणताना निघालेल्या दगडांच्या दालनात बोलणे आपोआप थांबत होते. दक्षिण स्कॉटलंडमधील डम्फ्रीस आणि गॅलोवे भागातल्या १०८ दफनभूमींतून ते आणलेले आहेत. माणूस जमिनीत ठेवला, म्हणून त्याच्या जागेतून दगड वर आला. त्यांच्यावर नाव नाही, साल नाही, आणि खालच्या बाजूंना काही ठिकाणी माती तशीच चिकटलेली होती.