हेडस्टॉकच्या भेगेवर टाइटबाँड: ठाण्यातला उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

अकूस्टिक गिटारचा हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) टोकाचा तारा गुंडाळायच्या चाव्यांचा भाग, नटजवळ (तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीजवळ) तडकला होता. तो लाल लेबलच्या टाइटबाँड ओरिजिनल या लाकडी गोंदाने जोडून आता कडक ऊन आणि पूर्ण पावसाळा, दोन्ही झाले. सांधा जागचा हललेला नाही. स्टील तारांचा लाइट सेट सुरात लावला की नेकवर 70 किलोच्या आसपास ओढ येते, आणि ती चोवीस तास तशीच राहते. म्हणून गोंद किती घट्ट चिकटतो यापेक्षा सतत ओढीखाली तो सरकतो का, हे बघायचं.

सरकणं ओळखायला एक रेघ पुरते. तारा चढवण्याआधी हेडस्टॉकच्या बाजूला, भेगेला आडवी, ब्लेडने बारीक रेघ मारा. साध्या पांढऱ्या सुतारी गोंदाने जोडलेल्या एका नेकवर ही रेघ पावसाळ्यात केसभर तुटली. सांधा उघडला नव्हता, पण गिटार रोज थोडी उतरायची आणि दोष ट्यूनिंग कीला दिला जायचा. टाइटबाँडवर रेघ अजून सरळ आहे.

पाऊस म्हणून वॉटरप्रूफ, म्हणजे हिरव्या लेबलचा घ्यावा, असं दुकानदार हमखास सांगतात. गिटारसाठी तो नको. लाल लेबलचा सुकल्यावर जास्त कडक होतो आणि कमी सरकतो. पाणी लागून वाचण्याचा प्रश्न इथे नाहीच. सुपरग्लू तर अजिबात नको. तो ठिसूळ असतो, लाकडात मुरतो आणि नंतर दुसरा गोंद धरू देत नाही.

किंमत सुरुवातीला डोळ्यात आली होती, कारण भेगेला जेमतेम 5 मिली लागतो. आता ती तक्रार नाही: सुटलेला ब्रिज (पोटावर तारा अडकवतात ती पट्टी), पोटातली सैल पट्टी, सगळं त्याच बाटलीत निघतं. बाटलीवर घेतल्याची तारीख लिहा, दोन वर्षांनी नवीन आणा.

कामाची खरी मेख क्लॅम्पमध्ये आहे. हेडस्टॉक मागे कललेला असेल तर सरळ लावलेला सी क्लॅम्प दाबताना त्याला भेगेच्या दिशेने घसरवतो, आणि जोड पायरी पडून सुकते. पुढून त्याच कोनात तासलेला लाकडी ठोकळा, मागून रबरी स्लिपरचा तुकडा लावलेला दुसरा, मध्ये सेलोटेप. तारा, ट्यूनिंग की काढून गोंदाशिवाय एकदा पूर्ण बसवून बघा. मग ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या लोखंडी सळीचा) पेचाचा नट सैल करा आणि त्याच्या आट्यांवर मेणबत्ती घासा, नाहीतर आत गेलेला गोंद त्याला कायमचा धरून बसेल. मेण लाकडाला लागू देऊ नका.

भेग आतून पॉलिशपेपरने घासू नका. तंतू गेले की फट राहते. हाताने हलकेच उघडा, गोंदाची बाटली कोमट पाण्यात ठेवून तो पातळ करा, जाड सुईच्या सिरिंजने भरा, आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनरचा नळ लावून आत ओढा. पंखा बंद ठेवा, मे महिन्यात चार-पाच मिनिटांत गोंद आळू लागतो. भेगेच्या पूर्ण लांबीभर थेंब बाहेर आले तर गोंद पोचला. दाब बेताचा ठेवा, सगळा गोंद बाहेर पिळला तर सांधा कोरडा राहतो. ओल्या फडक्याने पुसा.

सांधा सुकायला कंपनी 24 तास सांगते. जुलैत ठाण्याच्या हवेत पाणी लाकडातून लवकर निघत नाही, तीन दिवस थांबा. मग 11 ऐवजी 10 गेजचा, म्हणजे बारीक तारांचा सेट, आधी अर्धा सूर खाली, दुसऱ्या दिवशी पूर्ण.

एक मर्यादा आहे: हा गोंद उष्णतेने मऊ पडतो. वाशी स्टेशनबाहेर उन्हात लावलेल्या गाडीत गिटार ठेवू नका. आणि भेग लांब तिरकी नसून आडवी, आखूड तुटली असेल तर चिकटवायला जागाच उरत नाही. तिथे आतून लाकडी पट्टी बसवावी लागते, ते काम कारागिराकडे द्या.