कोथरूड ते शिवाजीनगर: सायकल की स्कूटर?

ऑफिस सात किलोमीटरवर. गर्दीच्या वेळी स्कूटरने पंचवीस मिनिटं, सायकलने पस्तीस. दहा मिनिटांसाठी काय भांडायचं?

शरीराचं म्हणाल तर सामना एकतर्फी आहे. स्कूटरवर हलते ती फक्त पाठ, तीही खड्ड्यांमुळे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते; सायकलवर त्यातली दीडशे बुधवारीच पार होतात, तीही वेगळी वेळ न काढता. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत (2017) सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका 41 टक्के कमी दिसला. सायकलवाले मुळातच थोडे धडधाकट असतात, हेही त्यात आलंच.

धुराचं काय? सायकलवर श्वास जोरात चालतो, म्हणून धूरही जास्त आत जातो. नळस्टॉपच्या सिग्नलला बसमागे थांबलं की घशात डिझेलची चव येते. तरी केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडलेल्या हिशेबात दिल्लीच्या हवेतही आठवड्याला पाच तासांपर्यंत सायकलचा फायदाच वरचढ निघाला. माझे जवळजवळ सहा भरतात, पण पुण्याची हवा अजून दिल्लीइतकी बिघडलेली नाही. शिवाय मी प्रभात रोडच्या गल्ल्यांतून जातो. अंतर थोडं वाढतं, पण झाडं असतात, बस नसतात.

खरी भीती अपघाताची. इथे स्कूटर जिंकते असं नाही, पण ती निदान वाहतुकीच्या वेगाने पळते. सायकल कडेला ढकलली जाते. गेल्या पावसाळ्यात उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि माझं कोपर सोलून निघालं. तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहतो. साचलेल्या पाण्यात तर चाक घालतच नाही, खाली चेंबरचं झाकण असेलच याची खात्री नसते. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच.

गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणारे बरेच. बहुतेकदा सीट खाली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात. पेडल तळाला असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वाटेत चांदणी चौक किंवा हायवे येत असेल तर सरळ स्कूटर काढा. नसेल तर रविवारी सकाळी सायकलने एक फेरी मारून बघा, आणि मग सोमवारी साडेनऊला त्याच रस्त्याने.