पिसवांचं जीवनचक्र पाठ असलेला विक्रेता

ज्या माणसाने मला मांजरांसाठी बनावट औषध विकलं, त्याला पिसवांबद्दल बरंच खरं ठाऊक होतं. हे आधीच सांगते, कारण फसवणूक म्हटलं की थापा मारणारा, उडवाउडवीची उत्तरं देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हा तसा अजिबात नव्हता. त्याने मला सांगितलेली निम्मी वाक्यं पुढे डॉक्टरांच्या तोंडूनही जशीच्या तशी ऐकली. डॉक्टर त्यावरून उपचार ठरवत होत्या, आणि तो त्यावर पुढची बाटली खपवत होता.

आमच्याकडे चिंगी आणि ढब्बू अशी दोन मांजरं. चिंगी शेपटीच्या मुळाशी सारखं चाटायला लागली, तिथले केस विरळ झाले. बारीक दातांची फणी फिरवली तर काळी रेव निघाली. ती ओल्या पांढऱ्या कागदावर टाकली की भोवती तांबूस डाग पसरतो. म्हणजे ती माती नसून पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. ढब्बूच्या कानामागे तर एक टम्म फुगलेला गोचीडही होता. इथपर्यंतचं निदान कुणालाही घरी करता येतं. पुढे औषध शोधताना ऑनलाइन एक पान सापडलं. मांजरांचे सुंदर फोटो, ‘आधी आणि नंतर’ची चित्रं, भरभरून अभिप्राय, आणि मेसेज केल्याबरोबर उत्तर.

“ताई, तुम्हाला अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांच्या जेमतेम पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष तुमच्या घरात आहेत.” हे त्याचं पहिलं वाक्य, आणि ते खरं आहे. पशुवैद्यकात हाच ढोबळ अंदाज सांगितला जातो: साधारण निम्मी अंडी, एक तृतीयांशाहून थोड्या जास्त अळ्या, दहा टक्क्यांच्या आसपास कोष आणि उरलेल्या पाच टक्के प्रौढ पिसवा. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, मांजर जिथे झोपतं तिथे ओघळून पडतात. एवढं नेमकं बोलणारा माणूस औषधाबद्दलही नेमकंच बोलत असणार, असं कुणालाही वाटेल.

आलेली बाटली ‘शंभर टक्के हर्बल’. लेबलवर पानाफुलांची चित्रं आणि अर्कांची नावं, पण कोणता घटक किती टक्के ते नाही. बॅच क्रमांक नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, किती वयाच्या किंवा वजनाच्या मांजराला चालेल याचा उल्लेख नाही. सोबत त्याच्या सूचना: रोज फणी करा, अंथरुणं गरम पाण्यात धुवा, सोफ्याखाली आणि कोपऱ्यांत व्हॅक्यूम फिरवा, आणि मग हे थेंब मानेवर चोळा. आठवडाभरात पिसवा खूप कमी झाल्या आणि आम्ही खूश.

युक्ती तिथेच होती. फणी, धुणं आणि व्हॅक्यूम या तीन गोष्टींनी पिसवा कमी होतातच. बाटलीत नुसतं पाणी असतं तरी झाल्या असत्या. मेहनत आमची आणि श्रेय बाटलीला! अभिप्राय लिहिणारे सगळे पैसे घेतलेले नसावेत असं मला आता वाटतं. पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर मीही मनापासून पाच तारे दिले असते.

मग दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा मोठी. विचारलं तर उत्तर तयार: “कोषातून नव्या पिसवा बाहेर पडतायत ताई. औषध लागू पडतंय याचीच ही खूण.” यातलं पहिलं वाक्य पुन्हा खरं. कोषातल्या पिसवेवर जवळजवळ कुठलंच कीटकनाशक चालत नाही. ती आत कित्येक महिने दबा धरून राहू शकते आणि हालचाल, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागली की बाहेर उडी मारते. म्हणूनच खरं औषध लावल्यावरही काही आठवडे पिसवा दिसत राहतात. दुसरं वाक्य मात्र शुद्ध बनाव. कोषातून पिसवा बाहेर पडण्याचा आणि त्याच्या थेंबांचा काडीचा संबंध नव्हता.

मग औषध चालतंय की नाही हे ओळखायचं कसं? हा प्रश्न मी त्यालाही विचारला होता, आणि तेवढ्याच प्रश्नाला त्याने बगल दिली. उत्तर सोपं आहे. खऱ्या औषधाने नव्या पिसवा अंगावर यायच्या थांबत नाहीत, पण आलेल्या साधारण दिवसभरात मरतात, त्यामुळे पुढची अंडी पडत नाहीत. फणीत मेलेल्या किंवा मलूल पिसवा सापडतात आणि ती काळी रेव कमी कमी होत जाते. आमच्या फणीत मात्र टुणटुणीत, रक्त पिऊन फुगलेल्या पिसवा येत होत्या आणि रेव वाढत होती. ‘धीर धरा’ हा सल्ला डॉक्टरही देतात, भामटाही देतो. कुणाचा ऐकायचा ते फणी सांगते.

पुढची पायरी म्हणजे ‘स्ट्राँग कोर्स’. गोचिडीवरही चालतो म्हणाला. छोट्या प्लास्टिक पिशवीत सुट्या पिपेटी, म्हणजे औषधाचे थेंब टाकायच्या लहान नळ्या, आल्या. खोका नाही, माहितीपत्रक नाही, पिपेटीवर अक्षर नाही. वासाला उग्र, रॉकेलसारख्या. “फुलांच्या अर्कापासून बनवलंय, पूर्ण नैसर्गिक,” हे त्याचं स्पष्टीकरण. अर्धसत्य बोलण्यात हा माणूस किती तरबेज होता ते इथे कळतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून पायरेथ्रम नावाचं कीटकनाशक मिळतं हे खरं आहे. त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत तयार केलेल्या रसायनांत परमेथ्रिन येतं. ते कुत्र्यांच्या काही स्पॉट-ऑन (कातडीवर थेंब टाकून लावायच्या) औषधांत पंचेचाळीस टक्के किंवा त्याहूनही जास्त असतं. कुत्र्याला चालतं. मांजराच्या मात्र जिवावर उठतं.

ढब्बू कपाटावर चढून बसला, म्हणून पिपेट फक्त चिंगीच्या मानेवर रिकामी झाली. संध्याकाळपासून तिचे कान फडफडायला लागले. मग ती पंजे झटकायला लागली, जणू पायाला काही चिकटलंय. लाळ गळू लागली, चालताना मागचे पाय लटपटू लागले आणि थोड्या वेळाने सगळं अंग थडथडायला लागलं. त्याला मेसेज केला. “विषारी द्रव्यं बाहेर पडतायत ताई, डिटॉक्स आहे, सकाळपर्यंत शांत होईल.” तोवर आम्ही दवाखान्याच्या वाटेवर होतो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “कुत्र्याचं औषध लावलंत का?” रिकामी पिपेट हातात घेऊन त्या म्हणाल्या की मांजरांसाठीच्या फिप्रोनिल या पिसवांवरच्या औषधाच्या पिपेटीत साधारण ०.५ मिली औषध असतं, आणि ही त्याच्या कितीतरी पट मोठी दिसतेय. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय आत काय होतं ते लेखी देता येणार नाही, पण लक्षणं परमेथ्रिनच्या विषबाधेशी तंतोतंत जुळतात, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण वापरून चिंगीला धुतलं. शिरेतून सलाइन, स्नायूंचे झटके थांबवायला मेथोकार्बामॉल. या विषावर उतारा असा नाहीच. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत झटके आणि अंगाचं तापमान आटोक्यात ठेवायचं. काही ठिकाणी शिरेतून स्निग्ध द्रावणही देतात, म्हणजे चरबीत विरघळणारं विष त्यात ओढलं जातं.

मांजरालाच का, तर कारण यकृतात आहे. अशी रसायनं निकामी करण्याची ग्लुकुरोनायडेशन नावाची एक प्रक्रिया असते, आणि तिला लागणारी काही विकरं (एन्झाइम) मांजरांमध्ये फार कमी असतात. त्यामुळे कुत्र्याच्या शरीरातून निघून जाणारी गोष्ट मांजराच्या शरीरात साठत राहते. नुकतंच परमेथ्रिन लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपल्यानेही मांजराला विषबाधा होऊ शकते. ‘हर्बल’ म्हणून खपवली जाणारी कित्येक तेलंही याच वाटेची आहेत. टी ट्री तेल मांजरांना घातक आहे. त्या पानावर पिसवांसाठी लसणाचं पाणी पाजायचा सल्लाही होता. लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. पिसवांनी आधीच रक्त पिऊन अशक्त केलेल्या पिल्लाला हे पाजलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

चिंगी वाचली. बिलाची रक्कम कळवल्यावर विक्रेत्याने आधी व्हिडिओ मागितला, मग तिला ‘ॲलर्जी’ असल्याचं निदान केलं, मग ब्लॉक केलं. पानाची तक्रार केल्यावर ते गायब झालं. थोड्याच काळात तेच फोटो, तीच ‘आधी-नंतर’ची चित्रं दुसऱ्या नावाच्या पानावर दिसली, म्हणून हे लिहायला बसले.

आता खोटं औषध कसं ओळखायचं ते. असली माणसं फक्त बिननावाच्या बाटल्या विकतात असं नाही, नामांकित औषधांची हुबेहूब नक्कलही विकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ साली फ्रंटलाइन आणि ॲडव्हान्टेज या नावांच्या बनावट पाकिटांची विक्री थांबवण्याचे आदेश दिले होते. ब्रिटनमध्ये २०२४ साली पशु-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने फ्रंटलाइनच्या नकलेबद्दल इशारा दिला. ती लावल्यावर एका मांजरावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली होती, आणि तपासणीत आत सॉल्व्हंट नॅप्था हा पेट्रोलियमपासून मिळणारा द्रावक आणि पिरिमिफॉस-मिथाइल नावाचं कीटकनाशक निघालं. त्या इशाऱ्यातल्या खुणा कामाच्या आहेत: खोक्यावरची चुकीची स्पेलिंग, तुमच्या देशात न चालणाऱ्या भाषेतल्या सूचना किंवा सूचनाच नसणं, कात्रीनेसुद्धा धड न उघडणारी पाकिटं, आणि रॉकेल-टर्पेंटाइनसारखा वास. शेवटचं वाचून माझ्या अंगावर काटा आला.

माझ्याकडून आणखी थोडी भर. खऱ्या खोक्यावर सक्रिय घटकाचं नाव आणि टक्केवारी, प्राण्याची जात, वजनाचा गट, बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादक हे सगळं असतं. बॅच क्रमांक आतल्या पिपेटीवर किंवा पाकिटावर असतो आणि तो बाहेरच्याशी जुळतो. शंका आली तर उत्पादकाला तो क्रमांक कळवून विचारता येतं. ‘मोठ्या पाकिटातली वाटून घ्या, स्वस्त पडेल’ म्हणणाऱ्याकडून सुटी पिपेट घेऊ नका, कारण कुत्र्याच्या आणि मांजराच्या पिपेटीतला फरक खोक्यावर छापलेला असतो, आणि खोकाच येत नाही. आणि ‘एकदा लावा, कायमचं विसरा’ हे वाक्य दिसलं की पान बंद करा. आल्ट्रासॉनिक, म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाचे, पट्टे विकणाऱ्यांचीही हीच भाषा असते. त्या पट्ट्यांनी पिसवा जात नाहीत.

शेवटी काय लागू पडलं? काहीच चमत्कारिक नव्हतं. चिंगी पूर्ण बरी झाल्यावर डॉक्टरांनी दोघांची वजनं करून मांजरांसाठीचं स्पॉट-ऑन दिलं. फिप्रोनिल, सेलामेक्टिन, फ्लुरालानेर असे पर्याय आहेत. कोणतं, हे वय, वजन, झटक्यांचा इतिहास आणि गोचिडींचा त्रास पाहून ठरतं. पिसवांवर चालणारं प्रत्येक औषध गोचिडीवर चालत नाही. नुसत्या इमिडाक्लोप्रिडने गोचीड मरत नाही, हे ‘ऑल इन वन’ विकणारे सांगत नाहीत. घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला एकाच वेळी, त्याचं-त्याचं औषध, आणि निदान तीन महिने खंड न पाडता. अंथरुणं ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, व्हॅक्यूम रोज, आणि त्याची पिशवी लगेच घराबाहेर. व्हॅक्यूमच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, हे इथे आपल्या फायद्याचं. जंताचं औषधही दिलं, कारण चाटताना पिसू गिळली गेली की तिच्यातून फीतकृमी मांजराच्या पोटात जातो.

ढब्बूचा गोचीड डॉक्टरांनी बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरला आणि न पिरगाळता सरळ, सावकाश ओढून काढला. तेल ओतणं, चटका देणं असले प्रकार करू नका. त्याने गोचीड सुटण्याऐवजी पोटातलं मांजराच्या अंगात ओकण्याची भीती असते.

आणि कुणी आधीच असली पिपेट लावून बसलं असेल तर झटके येण्याची वाट पाहू नका. लक्षणं काही तासांत दिसतात, पण कधीकधी तीन दिवसांपर्यंतही लांबतात. डॉक्टरांना फोन करा आणि मांजर शुद्धीवर, शांत असेल तर त्यांच्या सांगण्यावरून कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाने ती जागा धुवा. पाणी गरम नको, त्याने औषध कातडीत जास्त मुरतं. थंडही नको, अंग गार पडलं की थरथर वाढते. मग टॉवेलने टिपून, गुंडाळून थेट दवाखाना. रिकामी पिपेट, पिशवी आणि विक्रेत्याशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरून उपचार ठरवायला मदत होते, आणि तक्रार करताना तोच एकमेव पुरावा हातात उरतो.