गच्चीवरच्या बागेला आपोआप पाणी: टायमर, पंप की मडकं?

कुंड्यांना आपोआप पाणी देणारी यंत्रणा घ्यायची म्हणून कुणी सल्ला मागितला, की मी आधी एवढंच विचारतो: टाकीतलं पाणी कुंड्यांपेक्षा किती उंचावर आहे? बहुतेकांनी किट निवडून झालेलं असतं, उंची मात्र मोजलेली नसते.

पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी आणि बाग खाली अंगणात असेल, तर दाबाची काळजी नाही. पण बागही गच्चीवर आणि टाकी पाच फुटी चौथऱ्यावर असेल, तर जेमतेम ०.१५ ते ०.२ बार हाती येतो. निवड इथेच ठरते.

नळाला लावायचे सेलवर चालणारे टायमर दोन प्रकारचे असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या झडपेच्या, टायमरमध्ये आतला रबरी पडदा पाण्याच्याच दाबावर उघडतो आणि मिटतो. दाब अर्ध्या बारच्या आसपास नसेल तर तो धड उघडत नाही, धड बंदही होत नाही. दुसऱ्या प्रकारात छोटी मोटर बॉल व्हॉल्व्ह (भोक असलेल्या गोळ्याची झडप) फिरवते, त्याला दाब लागत नाही. खोक्यावर किमान दाब ‘० बार’ लिहिलाय का ते बघा. मी ते न बघता पहिला टायमर घेतला आणि दिवाळीत आठ दिवस गावी गेलो. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला, बागेची ५०० लिटरची टाकी सुरुवातीलाच रिकामी झाली आणि परत आलो तेव्हा टोमॅटो-मिरची वाळून गेली होती. हाताने वाढवलेली रोपं होती, फार वाईट वाटलं.

ड्रिपरचंही, म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीचंही, तसंच. ताशी ४ लिटरचा साधा ड्रिपर ४ लिटर देतो तो १ बारवर, ०.२ बारवर २ लिटरही मिळत नाही. ‘प्रेशर कॉम्पेन्सेटिंग’, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे ड्रिपर महाग आणि उत्तम, पण एवढ्या कमी दाबावर ते घेऊ नका. साधे ड्रिपर लावा, एका ड्रिपरखाली १५ मिनिटं भांडं ठेवून पाणी मोजा आणि त्यावरून वेळ ठरवा. उन्हाळ्यात १२ इंची कुंडीला रोज एक ते दीड लिटर धरा.

जवळ नळच नसेल, किंवा फ्लॅटची बाल्कनी असेल, तर ड्रम आणि १२ व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप बरा. आरओच्या यंत्रात असतो तसाच. दाब भरपूर मिळतो, त्यामुळे लांबच्या आणि जवळच्या कुंडीला सारखं पाणी जातं. पण वीज लागते. काटे फिरणारा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो, म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. आणि ड्रममधलं पाणी कुंड्यांपेक्षा उंच असू नये. काही पंपांतून ते बंद पडल्यावरही नळीतून सायफनने पाणी वाहत राहतं.

मडकं म्हणजे भाजलेल्या मातीचं, न रंगवलेलं, गळ्यापर्यंत पुरलेलं; त्यातून पाणी हळूहळू मुळांकडे झिरपतं. वाफ्यात किंवा मोठ्या कुंडीत वांगी, दोडका असेल तर त्याला तोड नाही: सेल नाही, वीज नाही. पण दर दोन-चार दिवसांनी भरावं लागतं, त्यामुळे लांबच्या सुट्टीत उपयोग नाही.

तीस-चाळीस कुंड्यांच्या गच्चीला मी बॉल व्हॉल्व्हचा टायमर, जाळीचा फिल्टर, १६ मिमीची लॅटरल (ड्रिपर बसवायची नळी) आणि साधे ड्रिपर हेच सुचवेन. फिल्टर वगळू नका. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांना मात्र फिल्टर अडवत नाही. त्यासाठी ड्रिपर काढून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. जूनमध्ये पाऊस नीट सुरू झाला की टायमर बंद करा आणि सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतच पाझरतात.