जुन्या बोलेरो पिकअपला आधी काय करावं : जादा पाटा की नवे शॉकअप?

गाडी मागून बसली, वळणावर झुलायला लागली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो पाटा, म्हणजे स्प्रिंगची वाकलेली पोलादी पट्टी, वाढवण्याचा. माझं मत वेगळं आहे : आधी शॉकअप बघा. पाटा वजन पेलतो. खड्ड्यानंतरची उसळी आवरतो तो शॉकअप. पाटा वाढवला की भरलेली गाडी सरळ उभी राहते हे खरं, पण रिकामी परतताना मागची बाजू कडक होऊन उडते, टायर क्षणभर रस्ता सोडतो. पावसात घाट उतरताना हे फार धोक्याचं. शिवाय पाटा वाढला म्हणून आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही.

शॉकअप गेलाय का, हे तपासणं सोपं आहे. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. एका हेलकाव्यात थांबली तर ठीक, झुलत राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच. त्याच वेळी पाट्यांचे रबरी बुश, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या भोकातले रबरी नळकांडे, हेही बघा. ते झिजले की एक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा दांडा, किंचित सरकतो आणि स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. नव्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. जॅकवर आवळले तर रबर पिळलं जाऊन लवकर फाटतं.

रोज उसाची रोपं किंवा सिमेंट भरत असाल आणि पाट्यांची कमान सपाट झाली असेल, तर मात्र पाट्यांचं काम टाळू नका. तेव्हाही जादा पाटा घालण्याआधी तुटका पाटा बदलून कमान पुन्हा मारून घ्या, म्हणजे पाट्यांना मूळचा बाक देऊन घ्या, आणि थोडं चालवल्यावर पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट परत आवळा.