किंग्ज की हॉर्नेट्स : हरणाऱ्या संघाचा चाहता व्हायचे तर

२३ जून २०२५ रोजी, आपल्याकडे सकाळचे साडेपाच वाजले असताना, एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेचा सातवा सामना सुरू झाला. ओक्लाहोमा सिटीच्या बाजूने शाय गिल्जस-अलेक्झांडर आणि इंडियानाच्या बाजूने टायरिस हॅलिबर्टन खेळत होते. पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला. तो पडल्या जागी तळहाताने लाकडी फरशी बडवू लागला, तेव्हा साताऱ्याहून फोनवर माझ्याबरोबर सामना पाहणाऱ्या भाचीने विचारले, "मामा, हा तुमच्या सॅक्रामेंटोचा होता ना?" होता. आणि समोरचा शाय, ज्याच्या संघाने तो सामना १०३-९१ असा जिंकला, तो काही क्षणांपुरता का होईना, शार्लटचा होता.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, हरणाऱ्या संघांना सोडतीने आधीचे क्रमांक मिळतात. तिथे सॅक्रामेंटो किंग्जने २०२० मध्ये हॅलिबर्टनला बाराव्या क्रमांकावर निवडले आणि शार्लट हॉर्नेट्सने २०१८ मध्ये शायला अकराव्या क्रमांकावर निवडले. दोघांनीही आपापला मोहरा दुसऱ्याच्या हाती दिला. भाचीला आता एक संघ 'आपला' म्हणून धरायचा आहे, जिंकणाऱ्यांच्या मागे धावायचे नाही असा तिचा हट्ट आहे, आणि तिच्या यादीत नेमके हेच दोन संघ उरले आहेत. तिच्यासाठी, आणि अशाच पेचात असलेल्या कोणासाठीही, २०२५ च्या ड्राफ्टपर्यंतचा हा हिशेब मांडतो आहे. मी स्वतः किंग्जचा चाहता असल्याने माझा तराजू थोडा कलता असण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

केवळ आकडे पाहिले तर निवड सोपी वाटते. २०२४-२५ च्या हंगामात किंग्जने ४० सामने जिंकले आणि ४२ गमावले, तर हॉर्नेट्सने अवघे १९ जिंकून ६३ गमावले. परंतु किंग्जचे एकमेव विजेतेपद १९५१ चे आहे आणि तेही संघ रॉचेस्टरमध्ये असतानाचे. शिवाय २००६ नंतर सलग सोळा हंगाम या संघाला प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) दिसले नाहीत, आणि हा लीगच्या इतिहासातील सर्वांत लांब दुष्काळ ठरला. हॉर्नेट्सचे शेवटचे प्लेऑफ २०१६ चे, म्हणजे २०२५ पर्यंत त्यांचाही दुष्काळ नऊ हंगामांचा झाला होता. एका हंगामाच्या तक्त्यावरून पाच-दहा वर्षांचे नाते ठरत नसते, त्यामुळे हे संघ चालवतो कोण आणि कसे, याकडे वळणे भाग आहे.

सॅक्रामेंटो : उतावळा मालक

विवेक रणदिवे यांच्याबद्दल तक्रार करण्यापूर्वी त्यांचे ऋण मान्य करावे लागते. २०१३ मध्ये मलूफ कुटुंब हा संघ सिएटलच्या गटाला विकायला निघाले होते. महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः एनबीएत खेळले होते, त्यांनी शहराच्या वतीने किल्ला लढवला, लीगने स्थलांतर नाकारले आणि सुमारे ५३.४ कोटी डॉलर मूल्यांकनावर रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेतला. मुंबईत जन्मलेला माणूस एनबीए संघाचा मुख्य मालक होण्याची ती पहिलीच वेळ होती. २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागी नवे स्टेडियम उभे राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांनी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन सराव सामने खेळले, त्यामागेही रणदिवे यांचा आग्रह होता. पहिला सामना जादा वेळेत जाऊन किंग्ज एका गुणाने, १३१-१३२ असे हरले. मुंबईच्या मालकाने आपला संघ मुंबईत आणावा आणि तो एका गुणाने हरावा, यावरून किंग्जचा चाहता होणे म्हणजे काय याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.

तक्रार अशी आहे की या मालकांना थांबता येत नाही. त्यांनी जनरल मॅनेजर (खेळाडूंची जमवाजमव पाहणारा) नेमण्याआधीच प्रशिक्षक नेमला, म्हणजे घर बांधायला काढल्यावर आधी रंगारी ठरवला आणि गवंडी नंतर शोधला. तो प्रशिक्षक, मायकल मलोन, खरे तर उत्तम होता. पण २०१४ च्या डिसेंबरात, प्रमुख खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारी असताना, ११ विजय आणि १३ पराभव अशा स्थितीत मलोन यांना काढून टाकण्यात आले. पुढे याच मलोन यांनी २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले. हंगामी प्रशिक्षक धरून रणदिवे यांच्या पहिल्या बारा वर्षांत आठ जणांनी ती खुर्ची सांभाळली. त्यांतील माइक ब्राउन यांनी २०२२-२३ मध्ये ४८ सामने जिंकून दुष्काळ संपवला आणि सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार एकमताने मिळवला, पण डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनाही निरोप देण्यात आला. पुढच्या दीड महिन्यात संघाचा सर्वांत वेगवान खेळाडू डीअॅरन फॉक्स सॅन अँटोनिओला गेला आणि हंगाम संपताच जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअर यांनीही संघ सोडला.

ड्राफ्टमधील चुका याच उतावळेपणाच्या पोटी जन्मल्या आहेत, आणि त्यांतील एक साखळी तपशिलात सांगण्याजोगी आहे. २०१४ मध्ये किंग्जने निक स्टॉस्कस या नेमबाजाला आठव्या क्रमांकावर निवडले. त्या वेळी ड्राफ्टच्या खोलीत झालेले चित्रीकरण आजही उपलब्ध आहे, आणि स्टॉस्कसचे नाव घेताना मालकांचा उत्साह त्यात लपत नाही. एका वर्षानंतर याच स्टॉस्कसला दोन मोठ्या पगारांच्या खेळाडूंसह फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले, वर पहिल्या फेरीची एक निवड (म्हणजे पुढच्या एखाद्या ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचा हक्क) आणि निवडींचे क्रमांक बदलून घेण्याचा हक्कही देण्यात आला. हे कशासाठी, तर पगाराच्या मर्यादेत जागा करून रेजॉन रॉन्डो, मार्को बेलिनेली आणि कोस्टा कूफोस यांना घेता यावे म्हणून. रॉन्डो एका हंगामात निघून गेला. २०१७ मध्ये किंग्जला तिसरा क्रमांक लागला, तो फिलाडेल्फियाने आपल्या पाचव्या क्रमांकाशी बदलून घेतला, पुढे तो बोस्टनला दिला आणि त्या तिसऱ्या क्रमांकावर अखेर बोस्टनने जेसन टेटमला निवडले. पाचव्यावर फॉक्स मिळाला हे नशीब म्हणायचे. २०१९ ची निवडही गेली ती गेलीच.

आणि २०१८ बद्दल काय लिहावे! दुसरा क्रमांक हाती होता. युरोपात व्यावसायिक संघातून खेळून विजेतेपदे मिळवलेला एकोणीस वर्षांचा लुका डॉन्चिच समोर होता. जनरल मॅनेजरच्या खुर्चीत व्लादे डिवाच होते, जे स्वतः युरोपातून येऊन या लीगमध्ये मोठे झाले होते. किंग्जने मार्विन बॅगली निवडला. डॉन्चिच पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२४ मध्ये त्याने डॅलसला अंतिम मालिकेत नेले. बॅगली तोवर दोन वर्षांपूर्वीच किंग्जमधून बाहेर पडला होता. या एका निवडीवर सॅक्रामेंटोचे चाहते आजही एकमेकांना सांत्वनपर बोलतात.

हॅलिबर्टनच्या बाबतीत मात्र मी इतरांइतका कडवट नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्या बदल्यात डोमांतास सबोनिस आला, आणि सबोनिस नसता तर २०२३ चे प्लेऑफ आले नसते. विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात सोडला जाणारा तो जांभळा झोत ज्याने त्या हंगामात पाहिला, त्याला हा सौदा निव्वळ मूर्खपणाचा होता असे म्हणता येणार नाही. चूक पुढची आहे. त्या सौद्यातून जे उभे राहिले होते, ते दोन वर्षांत मोडले.

शार्लट : आधी जॉर्डन, मग नवे मालक

शार्लटची जखम जुनी आहे. सुरुवातीच्या वर्षांत या शहराने सलग साडेतीनशेहून अधिक सामने हाऊसफुल केले होते, आणि तरीही मालक जॉर्ज शिन यांच्याशी बिनसल्यानंतर २००२ मध्ये संघ न्यू ऑर्लीन्सला गेला. २००४ मध्ये बॉबकॅट्स नावाने नवा संघ आला आणि २०१४ मध्ये हॉर्नेट्स हे नाव परत मिळाले. मधल्या काळात, २०१० मध्ये, मायकल जॉर्डन मुख्य मालक झाले. नॉर्थ कॅरोलिनात वाढलेला आणि तिथल्याच विद्यापीठातून खेळलेला महान खेळाडू मालक झाला, यापेक्षा शुभ शकुन कोणता असणार, असे तेव्हा वाटले होते.

रणदिवे यांचा दोष उतावळेपणाचा असेल, तर जॉर्डन यांचा दोष सावधपणाचा होता. त्यांच्या काळात संघ एकदाच तळाला गेला. २०११-१२ मध्ये ७ विजय आणि ५९ पराभव, म्हणजे विजयाच्या टक्केवारीत लीगच्या इतिहासातील नीचांक. इतके सोसूनही सोडतीत पहिला क्रमांक न्यू ऑर्लीन्सला लागला आणि अँथनी डेव्हिस तिकडे गेला. एनबीएचा ड्राफ्ट हा आपल्याकडच्या म्हाडाच्या सोडतीसारखा असतो : गरज मोठी असली की चिठ्ठी निघतेच असे नाही. दुसऱ्या क्रमांकावर शार्लटने मायकल किड-गिलख्रिस्टला घेतले. बचावात तो जिवाचे रान करी, पण नेम धरताना त्याचे कोपर असे वळे की पाहणाऱ्याने मान वळवावी. तिसऱ्या क्रमांकावर ब्रॅडली बील आणि सहाव्यावर डेमियन लिलार्ड गेले.

त्यानंतर बराच काळ संघ मधल्या पायरीवर अडकला, म्हणजे जिंकण्याइतका चांगला नाही आणि पहिल्या तीनांत निवड मिळण्याइतका वाईटही नाही. २०१५ मध्ये नवव्या क्रमांकासाठी बोस्टनने अनेक निवडी देऊ केल्याच्या बातम्या आल्या होत्या. शार्लटने त्या नाकारून महाविद्यालयात चार वर्षे खेळलेला, तयार म्हणून खात्रीचा वाटणारा फ्रँक कॅमिन्स्की घेतला. डेव्हिन बुकर तेराव्या क्रमांकावर गेला. (किंग्जच्या चाहत्यांनी हसू नये, आपण त्याच वर्षी सहाव्या क्रमांकावर विली कॉली-स्टाइन घेतला होता.) २०१६ मध्ये तर शार्लटने आपली बाविसावी निवड सॅक्रामेंटोला देऊन तोच मार्को बेलिनेली घेतला. दोन बुडणाऱ्यांनी एकमेकांना दोर टाकावा, तसा तो व्यवहार होता. २०१८ मध्ये शायला निवडून लगेच लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवले, आणि बदल्यात माइल्स ब्रिजेस व दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी घेतल्या. २०१९ मध्ये केम्बा वॉकर, जो आठ वर्षे या संघाचा चेहरा होता, पूर्ण रकमेचा करार न मिळाल्याने बोस्टनला गेला.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १९९६ मध्ये तेराव्या क्रमांकावर कोबी ब्रायंटला निवडून त्याला लेकर्सकडे देणारा संघ शार्लटच होता, आणि बदल्यात शार्लटला मिळालेला खेळाडू होता व्लादे डिवाच. बावीस वर्षांनी सॅक्रामेंटोत डॉन्चिचला सोडणारे तेच.

२०२३ मध्ये जॉर्डन यांनी सुमारे ३०० कोटी डॉलर मूल्यांकनावर बहुतांश हिस्सा गेब प्लॉटकिन आणि रिक श्नॉल यांना विकला. शार्लटचा हिशेब इथून वेगळा मांडावा लागतो. २०२४ मध्ये जेफ पीटरसन यांच्याकडे खेळाडूंची जमवाजमव आली आणि चार्ल्स ली प्रशिक्षक झाले. लामेलो बॉल, जो २०२० चा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू, प्रतिभावान असला तरी २०२२ ते २०२५ या तीन हंगामांत अनुक्रमे ३६, २२ आणि ४७ सामनेच खेळू शकला. २०२३ मध्ये घेतलेला ब्रँडन मिलर पहिल्या वर्षी सरासरी १७ गुणांवर होता, आणि २०२५ मध्ये चौथ्या क्रमांकावर कॉन कनिपल हा भरवशाचा नेमबाज आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्क विल्यम्सचा सौदा लेकर्सनी वैद्यकीय तपासणीनंतर मोडला तेव्हा शार्लटची नाचक्की झाली खरी, परंतु जून महिन्यात पीटरसन यांनी त्याच खेळाडूच्या बदल्यात फिनिक्सकडून पहिल्या फेरीच्या निवडी मिळवल्या. दोन-अडीच वर्षांचा काळ निकाल द्यायला अपुरा आहे, पण निवडी साठवणारा आणि खुर्च्या सारख्या न हलवणारा कारभार तरी दिसतो आहे.

मग कोणता?

महाराष्ट्रातून पाहणाऱ्यासाठी घड्याळही महत्त्वाचे आहे. हिवाळ्यात शार्लटचे घरचे सामने बहुधा सकाळी साडेपाचला सुरू होतात आणि सॅक्रामेंटोचे साडेआठला. म्हणजे शार्लटचा सामना शाळा-कॉलेजच्या आधी पुरा पाहता येतो, तर सॅक्रामेंटोचा सामना नोकरदाराला लोकलमध्ये, अर्ध्या लक्षाने आणि तुटत्या नेटवर्कवर पाहावा लागतो. माझे तसेच होते.

ज्याला गर्दी, घंटा आणि शहराचा जीव ज्यात अडकला आहे असा संघ हवा असेल, ज्याला मालकाचे आडनाव वाचून ऊर भरून येत असेल, त्याने सॅक्रामेंटो घ्यावा. मात्र दर दोन वर्षांनी नवा प्रशिक्षक, नवी दिशा आणि नवे आश्वासन मिळेल हे गृहीत धरावे, कारण मालक तेच आहेत आणि बारा वर्षांत त्यांची सवय बदललेली मला दिसली नाही. ज्याने अजून एकाही संघासाठी मन मोडून घेतलेले नाही, त्याला मी शार्लट सुचवीन. तिथे ज्यांनी चुका केल्या ते बहुतेक गेले आहेत, उरले आहेत ते तरुण खेळाडू आणि साठवलेल्या निवडी. एकच अट घालावीशी वाटते : पुढील दोन वर्षांत त्यांनी मिलर किंवा कनिपल यांच्यापैकी कोणाला एखाद्या तिशी ओलांडलेल्या नावाजलेल्या खेळाडूसाठी विकले, तर जुने शार्लट परत आले असे समजून तिथून उठावे.

भाचीला मी हेच सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की मग तुम्ही का नाही बदलत संघ. वरळीचा तो एक गुण मला अजून आठवतो, एवढेच उत्तर मला देता आले.